पाहुण्यांची खिडकी

“एजे, या बिश्केक शहरात माणूस पारखणारे दोनच जण. एक मी. दुसरा अजून जन्माला यायचाय,” जोमार्त म्हणाला. “दारातून कोणी आत आलं की बाकीच्यांना नुसता माणूस दिसतो. मला त्याचा भूतकाळ दिसतो, भविष्यकाळ दिसतो, शिवाय सकाळी त्याने काय खाल्लं तेही दिसतं.”

“आणि स्वतःच्या पायातला बूट?” राइकान-एजेने विचारलं.

नुकताच ऑफिसात शिरत असलेल्या जोमार्तने दारातच खाली पाहिलं. उजवा बूट काळा होता, डावा तपकिरी. ऑफिसच्या दारात सगळे बूट काढून ठेवत, आणि काल निघताना त्याने कोणाचा तरी पायात चढवला होता.

“वेशांतर,” तो गंभीरपणे म्हणाला.

आतून मालक एर्मेकचा आवाज आला, “माझा डावा बूट कोणी पाहिला का रे? काल मी एका पायात सपात घालून घरी गेलो!”

“किरकोळ खटले मी घेत नाही,” जोमार्तने ओरडून सांगितलं.

खरं म्हणजे त्याची नेमणूक नोकरभरतीसाठी होती. गुप्तहेराची पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती, आणि मदतनीस म्हणून राइकान-एजेला जुंपलं होतं. एजे म्हणजे थोरली बहीण. वयाने ती त्याच्या आईएवढी होती, पण ऑफिसात आई म्हणवून घ्यायला तिने पहिल्याच दिवशी नकार दिला होता. सोव्हिएत काळात शहराचं नाव फ्रुंझे होतं तेव्हापासून ती संगणकावर काम करत आलेली. निवृत्त झाल्यावर एर्मेकने तिला चुका शोधायच्या कामावर बोलावून घेतलं. तो म्हणायचा, इतकी खुसपटं काढणारं माणूस दुसरं मिळणार नाही.

शहरातल्या आणि आसपासच्या मार्श्रुत्का, म्हणजे वडाप गाड्या, कुठवर आल्या हे फोनवर दाखवणारं ‘केलातात’ नावाचं ॲप ही मंडळी बनवत. केलातात म्हणजे ‘येतेय’. गाडीवाल्याला विचारलं तर तो घरी चहा पीत बसलेला असला तरी हेच सांगतो, आणि ॲपही त्याच्याच वळणावर गेलं होतं. त्याचा कोड सगळ्या जगासाठी इंटरनेटवर उघडा ठेवलेला होता. कोणीही बघावा, चूक सापडली तर दुरुस्ती करून पाठवावी. बाहेरून आलेली दुरुस्ती त्याच दिवशी तपासायची आणि आभार मानून आत घ्यायची, असा एर्मेकचा दंडक होता. “पाहुण्याला दारात ताटकळत ठेवायची आपली रीत नाही,” तो म्हणे.

गेले काही आठवडे ‘कोनोक’, म्हणजे पाहुणा, असं नाव घेऊन कोणीतरी एकाहून एक सुरेख दुरुस्त्या पाठवत होतं. त्यामुळे ॲप हळूहळू खरं बोलायला लागलं होतं.

“हा माणूस मला हवाय,” एर्मेकने सोमवारी जाहीर केलं. “शुक्रवारपर्यंत शोधून काढ, जोमार्त.”

“आणि बसवणार कुठे त्याला?” राइकान-एजेने विचारलं.

एर्मेकने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तिथे मीरिम बसायची. तोकमोकहून रोज येणारी, तिशीची, अबोल. तिचे चाचणीचे तीन महिने शुक्रवारी संपत होते.

“मुलगी वाईट नाही,” तो हळूच म्हणाला. “पण एजे, तीन महिन्यांत तिचं एकही काम ॲपमध्ये गेलेलं नाही. नवीन खुर्ची कुठून आणू मी?”

मीरिमच्या सासूने नोकरी पक्की झाली असं समजून अख्ख्या गल्लीत कणकेचे बोरसोक तळून वाटले होते, हे राइकान-एजेला ठाऊक होतं.

तपास सुरू झाला.

“पहिला दुवा!” जोमार्त म्हणाला. “याच्या दुरुस्त्या नेहमी आपण जेवायला बसतो तेव्हा येतात. आपली दुपार म्हणजे जगात कुठेतरी मध्यरात्र. म्हणजे हा इसम समुद्रापलीकडचा निशाचर आहे!”

“किंवा त्यालाही तेव्हाच जेवणाची सुट्टी असेल,” राइकान-एजे म्हणाली.

“एजे, इतकं सोपं असतं तर माझी गरज काय होती?”

“तेच म्हणतेय मी.”

मीरिम चहा घेऊन आली. “जोमार्त-बाइके,” थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली, “मला जरा तुमच्याशी...”

“आत्ता नाही, मीरिम. माझा मेंदू अमेरिकेत आहे.”

मंगळवारी मेंदू परत आला, कारण नवा दुवा सापडला होता. तोकमोकची गाडी वाटेत सामसा, म्हणजे भट्टीतला समोसा, खायला थांबते, आणि तेवढा उशीर पाहुण्याने हिशोबात धरला होता. सामसा गरम असला तर जास्त.

“हे कोणाला माहीत असणार? ड्रायव्हरला!” असं म्हणत जोमार्त गाडीतळाकडे धावला.

“नाहीतर त्या गाडीतून रोज येणाऱ्या...” राइकान-एजेचं वाक्य दाराशी आपटून परत आलं.

तो थेट संध्याकाळी उगवला. ड्रायव्हरची उलटतपासणी घ्यायला तो गाडीत चढला होता. गाडी भरायला एकच माणूस कमी होता, तो मिळाल्याबरोबर ड्रायव्हरने दार ओढून घेतलं. जोमार्त तोकमोकला जाऊन आला.

“कबुली दिली?” एजेने विचारलं.

“दिली. सामसा खातो म्हणाला. मलाही दिला.”

बुधवारी त्याने जाहिरात दिली: कोनोक असाल तर समोर या. गुरुवारी दाराबाहेर रांग लागली. सगळेच कोनोक. जोमार्तने प्रत्येकाला विचारलं की गटाराचं झाकण गोल का असतं. उत्तरं झकास आली. मग राइकान-एजेने विचारलं, “तोकमोकची गाडी सामशासाठी कुठे थांबते?” आणि रांग वितळली.

त्या गडबडीत मीरिम पुन्हा दारात येऊन उभी राहिली होती. “बाइके, त्या कोनोकबद्दल...”

“रांगेत उभी राहा,” जोमार्त मान वर न करता म्हणाला.

शुक्रवार उजाडला. दुपारी सगळ्यांना चहा देऊन मीरिमने अंगात कोट घातला, आपला घरचा लॅपटॉप काखोटीला मारला आणि ती बाहेर पडली.

“पाहिलंत?” जोमार्त कुजबुजला. “रोज जेवणाच्या वेळी लॅपटॉप घेऊन बाहेर! दुसरीकडे मुलाखती देतेय. मी एर्मेकला आत्ताच सांगतो.”

राइकान-एजे मात्र त्या कोटाकडे बघत राहिली.

तसाच एक कोट तिच्या ओळखीचा होता. तरुणपणी ती कामाला होती त्या जुन्या संगणक केंद्रात यंत्राची खोली उबदार असायची आणि माणसांच्या खोल्या गारठलेल्या, कारण थंडीने यंत्र बिघडतं, माणसं काय, कुरकुरत का होईना चालतात. छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे यंत्राकडे द्यायला दोन खिडक्या होत्या. आतली खिडकी केंद्रातल्या लोकांसाठी. तिथे गठ्ठा दिला की तो तसाच पडून राही. बाहेरची खिडकी कारखान्यांतून आणि संस्थांमधून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्यांना थांबवायचं नाही, असा संचालकांचा हुकूम. मग राइकान आणि तिच्याबरोबरच्या मुलींनी मिळून एक जुना पुरुषी ओव्हरकोट आणि कोल्ह्याच्या कातड्याची टोपी मिळवली. ज्या दिवशी जिला घाई, तिने ते चढवायचं, बर्फातून इमारतीला वळसा घालायचा आणि बाहेरच्या खिडकीत घोगऱ्या आवाजात म्हणायचं, “कारखान्यातून आलोय.” आतला माणूस अदबीने गठ्ठा घ्यायचा. अख्ख्या हिवाळ्यात त्याने एकदाही विचारलं नाही की या कारखान्यात लिपस्टिक कोण लावतं.

राइकान-एजेने आपली शाल उचलली.

कोपऱ्यावरच्या सामशाच्या दुकानात मीरिम भट्टीला पाठ लावून बसली होती. एजे शेजारी टेकली.

“बाहेरच्या खिडकीने का देतेस गं, बाळा?”

मीरिमचा चेहरा पांढरा पडला, आणि मग ती एकदम बोलू लागली. “आतून दिलेलं कोणी उघडतच नाही, एजे. आठवडेच्या आठवडे एर्मेक-बाइकेंकडे पडून राहतं. एकदा वैतागून घरून टोपणनावाने पाठवलं, तर तासाभरात आभार आले, वर फुलाचं चित्र! मग तीच सवय लागली. सांगायला गेले तर...”

“तर तो अमेरिकेत होता.”

“आता काढून टाकतील ना? फसवलं म्हणून?”

तेवढ्यात लॅपटॉपवर एर्मेकचा निरोप उमटला. “आदरणीय कोनोक, आजच्या दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे चहाला याल का? आजच आलात तर उपकार होतील.”

मीरिम एजेकडे बघायला लागली. एजेने चष्मा नाकावर सरकवला आणि एका बोटाने उत्तर टंकलं: “केलातात.”

त्या दोघी पोचल्या तेव्हा ऑफिसात एकच धांदल चालू होती. दारापासून सगळ्यात लांबची मानाची जागा झटकून गादी अंथरली होती. एर्मेक पाहुण्याच्या स्वागताचा पाव घेऊन उभा होता. जोमार्त खिडकीतून मोटारी न्याहाळत होता.

“मीरिम, बाजूला हो बघू,” तो न वळताच म्हणाला. “पाहुणा येतोय. उंच, वयस्कर, बहुधा लष्करातला.”

“आला पाहुणा,” राइकान-एजे म्हणाली, आणि तिने मीरिमचे खांदे धरून तिला गादीवर बसवलं.

मग एजेने एर्मेकला त्याच्याच संगणकासमोर बसवलं. “आतली खिडकी उघड, आपल्या माणसांनी पाठवलेलं जिथे येऊन पडतं ती.”

एर्मेकने उघडली. मीरिमच्या नावाने तिथे दुरुस्त्यांची चळत पडली होती. ज्या ज्या त्याने कोनोककडून आभार मानून घेतल्या होत्या, त्या सगळ्या आधी इथेच येऊन पडल्या होत्या, अक्षरही न बदलता. तो कानापर्यंत लाल झाला.

“आणि मी तुझी खुर्ची तुलाच द्यायला निघालो होतो. तुला काढून!” हातातल्या पावाचं काय करावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने तो मीरिमसमोर ठेवला. “खुर्ची तुझीच, सिंगलिम,” धाकट्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. “आणि आजपासून घरच्यांचं आधी बघायचं.”

“आता सासूबाईंना खोटं ठरावं लागणार नाही,” मीरिम म्हणाली, आणि तिने पाव मोडला.

“पाहुणा घरातलाच असणार हा माझा कयास होताच,” जोमार्तने घसा साफ केला. “मी फक्त पुराव्याची वाट बघत होतो.” आणि या विजयी मुद्रेतच तो घरी गेला, एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून.

सोमवारी एर्मेकला बाहेरून एक अर्ज आला. केव्हापासून अडकलेली जोमार्तची रजा ताबडतोब मंजूर व्हावी, अशी त्यात नम्र विनंती होती. खाली सही होती: कोनोक.

उत्तर त्याच दिवशी गेलं.

“आदरणीय पाहुणे, आपल्या अर्जाबद्दल मनापासून आभार. आधी बूट.”