अण्णांचा तीनधारी लव्हाळा

डोंबिवलीतल्या आमच्या शेजारच्या अण्णांच्या हाती काहीही हिरवं द्या, आधी ते चिमटीत धरून फिरवायचे. देठ गोल लागला तर, "गवत. सोडा त्याला." आणि तीन कडा बोटाला लागल्या की चेहरा असा फुलायचा, जणू मुलाचं लग्न ठरलंय! "तीनधारी! लव्हाळा! काढा गाठीसकट!"

लव्हाळा म्हणजे शेतकऱ्याचा जुना वैरी. वरून उपटला तरी मातीत गाठ राहते, आणि गाठ राहिली की स्वारी पुन्हा हजर. पेन्शनीत निघाल्यावर अण्णांनी गिरगावातलं बिऱ्हाड मोडलं, इथे घरामागे भाजीचे वाफे केले आणि रोज सकाळी उकिडवे बसून हाच उद्योग आरंभला. पण जवळच्या कोपर गावच्या भातखाचरांतला लव्हाळा एक वेळ हटेल, अण्णांच्या वाफ्यातला हटेना.

"अण्णा, खतबीत घालता की काय त्याला?" मी चिडवायचे.

"बोटं खोटं बोलत नाहीत हो. रोज नवा निघतो मेला!"

एकदा मी हिरवं पातळ पिळून तसंच कुंपणावर टाकलं होतं. अण्णा आले, लोंबणारं टोक चिमटीत धरलं, फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "गोल. गवत आहे."

मी हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. भर दुपारी, हातभरावरचं पातळ या माणसाला दिसलं नव्हतं.

"अण्णा, दिसत नाही ना तुम्हांला?"

ते कुंपणाला टेकले. "मोतीबिंदू. माईला बोलू नका. नको नको म्हणत असताना तिला बहिणीच्या शेजारून उचलून या रानात आणली. वर आता आंधळा नवरा सांभाळ म्हणू? आणि ऑपरेशनात डोळे गेलेच तर?"

"आणि नाही केलं तर राहणार आहेत का?" मी ओरडलेच. माझा आवाज स्टेशनापर्यंत जातो. माई पदराला हात पुसत बाहेर आल्या. झालं, म्हटलं, आता रडारड! पण त्या एवढंच म्हणाल्या, "ठाण्याच्या डॉक्टरांकडे कधी जायचं, ते सांगा."

ऑपरेशन झालं. पट्टी सुटेपर्यंत माई धड जेवल्या नाहीत. मीसुद्धा देव पाण्यात घातले होते. शेवटी अण्णा जाड भिंगांचा चष्मा लावून परतले आणि थेट वाफ्यावर गेले. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

अण्णा मात्र खाली बघतच राहिले. "अगं, हा लव्हाळा ओळीत कसा उगवलाय? वीत-वीत अंतरावर?"

माई चक्क लाजल्या. "तुम्ही सकाळी उपटायचात, मी संध्याकाळी गाठी पुन्हा पुरायचे. वाफा साफ झाला असता तर दिवसभर काय केलं असतंत? भिंतीकडे तोंड करून बसला असतात."

"म्हणजे माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊक होतं?"

"केव्हाचंच. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

अण्णा बराच वेळ माईंकडे बघत राहिले. कितीतरी महिन्यांनी बघत होते. मग त्यांनी एक लव्हाळा उपटला, सवयीनं चिमटीत फिरवला आणि गाठ पुन्हा मातीत दाबली.

"ही एक राहू दे," ते म्हणाले. "उद्या सकाळी दोघं बसून काढू."