योर्मा काही बोलत नाही

आफियाचा पंप सोमवारीच सुरू झाला, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

इथे दूर उत्तरेत, आमच्या ओउलू शहरातल्या तंत्रशाळेत प्रत्येकाला आठवडाभरात एक पाण्याचा पंप जोडायचा होता. शुक्रवारी चाचणी. ती पास झाली तरच आफियाला उन्हाळ्यात कागद गिरणीत काम मिळणार होतं, आणि त्या कामाच्या आशेवर तर ती घानातल्या कुमासीहून या थंडीत येऊन पडली होती. शिक्षक योर्मा रौतियो तिच्या टेबलाशी आला, वाकला, पंपाला कान लावला, "हं" म्हणाला आणि निघून गेला.

आता योर्माच्या "हं"ची किंमत आम्हा ओउलूकरांना विचारा! काम चोख असलं की बोलायचं कशाला, असा आमचा सरळ हिशेब. पण आफिया शिकली होती मामाच्या गॅरेजात. मामा दिवसभर ओरडायचा, आणि काम जमलं की पाठीत धपका घालून अख्ख्या गल्लीला सांगायचा. मामा गप्प झाला की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

"सर रागावलेत," ती शेजारच्या हेन्रिक्कीला म्हणाली.

"कोण, योर्मा? छे! 'हं' म्हणाला ना?"

"तेच तर!"

"मग त्यालाच विचार की."

"सरांना? असं तोंड वर करून? वेडबिड लागलंय का तुला?"

तिने पंप खोलला आणि पुन्हा जोडला. मंगळवारी पुन्हा "हं". तिने पुन्हा खोलला.

बुधवारी हे योर्माच्या लक्षात आलं. चांगला चालणारा पंप पोरगी रोज खोलतेय, म्हणजे आपणच दिलेल्या आराखड्यात चूक असणार, आणि ही बिचारी भिडेखातर सांगत नाही! बरं, विचारावं तर हाही पक्का ओउलूचा. जी आपणहून बोलत नाही तिला खोदून विचारणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. त्याने कॉफीची सुट्टी सोडून आराखडा तपासला. योर्माने कॉफी सोडली, ही बातमी दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली.

गुरुवारी तो कपाळाला आठ्या घालून दहा मिनिटं तिच्या टेबलाशी उभा राहिला, आणि या वेळी "हं"सुद्धा न म्हणता गेला. आफियाने पंप पुन्हा खोलला, या वेळी शेवटच्या नटापर्यंत.

शुक्रवारी परीक्षक बाई आल्या तेव्हा सगळ्यांचे पंप तयार होते, आणि आफियाच्या टेबलावर नुसते सुटे भाग.

योर्माला राहवलं नाही. "अगं आफिया, आराखड्यात काय चुकलंय ते आता तरी सांग!"

"आराखड्यात? सर, माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा! चार दिवस झाले, तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत."

"काही चुकलं नव्हतं, म्हणून बोललो नाही!"

"मग तसं सांगायचं ना, सर!" आफियाला रडूच फुटलं.

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास आहे. जोडता येतोय का बघ."

अर्धा तास कशाला हवाय? चार दिवस तिने दुसरं केलंय काय! तिने बाहीने डोळे पुसले आणि हात चालवायला घेतला. नवव्या मिनिटाला पाणी वर चढलं, आणि खाली थेंब गळला नाही. बाईंनी जागच्या जागी सही ठोकली. आफियाचं गिरणीतलं काम पक्कं झालं.

योर्माच्या मनाला मात्र ही गोष्ट फार लागली. सबंध शनिवार-रविवार त्याने विचार केला, आणि सोमवारी वर्गात शिरल्याबरोबर, धीर एकवटून, तो पहिल्याच टेबलाशी थांबला.

"हेन्रिक्की," तो म्हणाला, "तुझा पंप फार सुंदर झालाय. मला तुझा अभिमान वाटतो."

हेन्रिक्कीचा चेहरा पांढराफटक पडला.

"योर्मा, असं काय बोलतोयस?" तो कसाबसा म्हणाला, आणि त्याचा हात पान्याकडे गेला. "सरळ सांग ना, किती बिघडलाय?"