वरचा एक रुपया

नवा रायपूरमधल्या ज्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं, त्यात लोखंडी कूलर मावणार नाही, असं मुलाने, यशदीपने, जाहीर केलं, तेव्हा शांताबाई शांतपणे म्हणाल्या, "मग मी विकते."

"तू? कोणाले विकशील?"

"ज्याले उकडते त्याले. एप्रिल लागला आहे."

कूलर साधासुधा नव्हता. रायपूरला कोणी राजधानी म्हणत नव्हतं, तेव्हाचा तो. शांताबाईंचे यजमान दयाराम रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्त करत. ओळखीच्या वेल्डरला समोर बसवून त्यांनी तो जाड पत्र्याचा बनवून घेतला होता आणि मापं सांगताना बहुधा वॅगनच डोळ्यांपुढे ठेवली होती. चालू केला की शेजारच्या घरातलं कॅलेंडर हलायचं. रायपुरातच खमतराईला असलेल्या या जुन्या घरात त्याने तीस उन्हाळे काढले. दयाराम गेले, पण त्याची मोटर काही गेली नाही.

"भंगारवाल्याले देऊन टाक ना," यशदीप म्हणाला. "ऑनलाइन विकायच्या भानगडीत पडू नको. तुझी सगळी पेन्शन त्या मोबाईलमध्ये आहे. मी तर म्हणतो, ते पैशाचं सगळं आता माझ्याकडेच दे. मी पाहीन."

हे तो तीन महिन्यांपासून म्हणत होता. शांताबाईंना मोबाईल जाण्याचं दुःख नव्हतं. पण मग नातीला चप्पल घ्यायची तरी मुलाला विचारावं लागणार होतं. गोल बाजारातले भांडेवाले ज्या बाईला लांबून येताना पाहून आपणहून भाव उतरवत, तिच्यावर ही पाळी.

"हे पाय," त्या म्हणाल्या, "कूलरचे मी पाच हजार ठरवले आहेत. एक रुपया जरी कमी आला, तर मोबाईल तुझा. पूरे आले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"पक्का?"

"हव."

जुन्या सामानाच्या ॲपवर त्यांनी कूलरचा फोटो स्वतः टाकला. पैसेही त्या ॲपमधूनच यायचे होते. रविवारी निरंजन नावाचा तरुण भाड्याची माल न्यायची गाडी घेऊनच आला. मूळ अमरावतीचा, बँकेतल्या बदलीवर आलेला, आणि दोन रात्री झोपलेला नव्हता हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"काकू, साडेचार हजार देतो."

"याच्यासमोर उभा राय."

शांताबाईंनी बटण दाबलं. निरंजनच्या खिशातलं पेट्रोलचं बिल उडालं आणि अंगणातल्या पेरूच्या झाडात जाऊन अडकलं.

"बरं, पाच," तो डोळे मिटून म्हणाला.

"पाच हजार एक."

"वरचा एक काहून?"

"शकुन-बिकुन आम्ही मानत नाही. पण शून्यावर सौदा पक्का करायचा नाही, हा माझ्या बाबांचा रिवाज. भंडाऱ्याच्या बाजारात त्यांनी तो कधी मोडला नाही."

निरंजनला वाऱ्यातून हलायचं नव्हतं. त्याने तिथूनच पाच हजार एक पाठवले. गाडीवाला आणि त्याचा जोडीदार कूलर उचलून निम्मा गाडीत चढवतात न चढवतात, तोच शांताबाईंचा मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा लावला.

"थांबवा तो कूलर."

कूलर हवेतच राहिला.

"चार हजार नऊशे रुपये अठ्ठ्याण्णव पैसे आले आहेत. बेटा, हे अठ्ठ्याण्णव पैसे तू कोणत्या हिशेबाने पाठवले?"

निरंजनने आपला मोबाईल दाखवला. त्याच्याकडून पूर्ण पाच हजार एक गेले होते. मग दोघांनी डोक्याला डोकं लावून नियम शोधले. ते कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या मागे, तपशिलाच्या तळाशी, करड्या अक्षरात सापडले. पाच हजारांपर्यंतच्या विक्रीला शुल्क नाही. त्यावर गेल्यास पूर्ण रकमेवर दोन टक्के, विकणाऱ्याकडून.

"म्हणजे काकू, तो वरचा एक रुपया..." निरंजन हळूच म्हणाला.

"समजलं मले. घाबरू नको. मी तुझे पाच हजार एक परत पाठवते. मग तू बिनएकाचे पाच हजार पाठव."

उपाय सरळ होता. शांताबाईंनी कापले गेलेले शंभर स्वतःचे घालून पूर्ण रक्कम परत केली. निरंजनचा मोबाईल वाजला. त्याच्याकडे चार हजार नऊशे रुपये अठ्ठ्याण्णव पैसे आले.

"याचे काहून कापले?"

"पैसे मले आले ना, काकू. ॲपच्या हिशेबाने आता विकणारा मी."

"तू काय विकलं?"

"काहीच नाही."

"तरी दोन टक्के?"

"तरी."

गाडीवाल्याने कूलर मांडीवर टेकवून छत्तीसगढीत विचारलं, "दाई, नगदी म का तकलीफ हे?"

"रोखीत काहीच त्रास नव्हता, तेच समजून राहिलं मले, बेटा. दोन मिनिट धर."

निरंजनने आता मोजून पाच हजार पाठवले, एक पैसाही जास्त नाही. शांताबाईंकडे चार हजार नऊशे आले. त्याच दोन माणसांत एका दिवसात पाच हजारांवर देवाणघेवाण झाली की पुढच्या प्रत्येक रकमेवर शुल्क, असं आणखी खाली, आणखी बारीक अक्षरात होतं.

"काकू, आता हात नका लावू," निरंजनने जवळजवळ हात जोडले. "आपण जितके वेळा सुधारून राहिलो, तितके वेळा तो खाऊन राहिला."

शांताबाईंनी बटव्यातून शंभराची नोट काढली आणि त्याच्या खिशात कोंबली. परत पाठवायची अक्कल त्यांची होती, तेव्हा त्याचे शंभर त्यांच्याच माथी. तो नको नको म्हणाला, तशी त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कूलर गाडीत चढला. पाच हजार एकचा सौदा चार हजार सातशेला पडला.

संध्याकाळी यशदीप आला, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. शांताबाई सौदा होईपर्यंत वाटेल ते बोलत, सौदा झाल्यावर खोटं बोलत नसत.

"मैंने बोला था ना, आई," यशदीपने हात पुढे केला. "दे मोबाईल."

शांताबाईंनी मोबाईल टेबलावर ठेवला. "घे. पण ते पैसे कुठून कापतात ते आधी पाहून घे. उद्या तुले समजणार नाही."

"मले काय नाही समजत? त्याच ॲपवर मी बाईक विकली, पूरे बावीस हजार में. एक पैसा नहीं कटा."

"तपशील पाहिला होता?"

"पैसे आले. पाहायचं काय त्यात?"

"दाखव बरं."

यशदीपने ऐटीत आपला मोबाईल पुढे सरकवला. शांताबाईंच्या अंगठ्याला आता वाट पाठ झाली होती. तीन ठिपके, तपशील, तळाशी.

"बाईक. चारशे चाळीस कापले."

यशदीप वाकून पाहू लागला.

"वॉशिंग मशीन, आठ हजार. एकशे साठ."

त्याची बायको नीलिमा चहा घेऊन आली आणि तीही मागे उभी राहून पाहू लागली.

"घड्याळ, साडेसहा हजार. एकशे तीस."

"कोणतं घड्याळ?" नीलिमाने विचारलं.

शांताबाईंनी फोटो मोठा केला. नीलिमाने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"हे तर माझ्या बाबांनी लग्नात दिलेलं. पुरीच्या समुद्रात पडलं होतं ना ते?"

यशदीपने टेबलावरचा आईचा मोबाईल उचलला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"आई, तुझं तूच पाहत जा. आणि माझा दे इकडे."

"थांब," शांताबाई म्हणाल्या. "अजून खाली आहे."