ओस्वाल्दोच्या अंगणात धूर नाही!

"येत्या रविवारी ओस्वाल्दोच्या पोटात मांसाचा कण जाऊ दिला, तर नावाची नेलिदा नाही!"

अशी प्रतिज्ञा नेलिदानं केली, तीही गाजराचा रस पीत पीत! रोसारिओ शहरातल्या त्या गल्लीत असं बोलणं म्हणजे माशाला पोहायला बंदी करण्यासारखंच. पण बाई ऐकतेय कुणाचं? तिनं समग्र आहाराचा अभ्यासक्रम पुरा केला होता ना! देह, मन, घरची माणसं आणि स्वयंपाकघर, सगळं एका सुरात लागलं तरच माणूस निरोगी, असं तिथं शिकवलं होतं. तिला पुढच्या खोलीत स्वतःचं आरोग्यकेंद्र काढायचं होतं. पोरं लांब गेली होती, घर खायला उठत होतं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच तिला काहीतरी आपलं स्वतःचं हवं होतं. त्यासाठी हवी होती मुख्य शिक्षिका मिर्ताबाईंची परवानगी. त्या राजधानीहून रविवारी दुपारी घर बघायला येणार होत्या.

"घरात मांस भाजल्याचा वास आला, तर मी दारातूनच परत फिरेन!" त्यांनी फोनवर ठणकावलं होतं.

झाली का पंचाईत! नेलिदाचा नवरा म्हणजे गल्लीतला असादोचा, निखाऱ्यांवर मांस भाजण्याचा, बादशहा. रविवारी सकाळी त्याच्या अंगणातून धूर निघाला, की लोक घड्याळं लावायचे. उजवा हात मोडला तेव्हा गड्यानं डाव्या हातानं बरगड्या भाजल्या. आईला पुरून आला, डोळे पुसले आणि निखारे फुलवायला बसला!

"एकच रविवार, ओस्वाल्दो! माझ्यासाठी!" रविवारी उजाडताच तिनं गळ घातली.

"बरं बाई, बरं! पण गल्लीत कुणाला कळता कामा नये. लोक तोंडावर हसतील माझ्या! आणि मी आपला झोपतो. उठून करू काय? बीट सोलू?"

असं म्हणून त्यानं पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली. एरवी घोरून भिंती हलवणारा माणूस, पण रात्री नुसती पालेभाजी मिळालेली. त्याच्यात घोरण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

बारा वाजत आले तरी धूर नाही! शेजारीण चिचानं भिंतीवरून मान उंच केली.

"नेलिदा, अगं धूर कुठाय?"

"आज नाही पेटवणार तो."

"आजारी आहे का?"

"छे गं!"

"मग झालंय तरी काय?"

काय सांगणार? नवऱ्याला शब्द दिलेला! नेलिदाचा चेहरा एवढासा झाला. "नंतर सांगते," म्हणत तिनं पर्स उचलली आणि मिर्ताबाईंना आणायला बसथांब्याकडे धूम ठोकली.

चिचानं हिशोब केला. रविवार आहे, माणूस आजारी नाही आणि निखारे पेटलेले नाहीत. म्हणजे दुसरं काय असणार? तिनं छातीवर क्रूस काढला आणि गल्लीभर टाहो फोडला, "गेला गं बाई! ओस्वाल्दो गेला! आणि ती बिचारी एकटीच पाद्र्याला आणायला पळाली!"

मग काय विचारता! गल्ली लोटली. दारातून बघावं तर पांढरी चादर आणि हालचाल शून्य. चादर उचलायचा धीर कुणाला होतो? कुणी मेणबत्त्या लावल्या, कुणी फुलं आणली.

"असा शेजारी पुन्हा होणे नाही!" कोपऱ्यावरचा नेस्तोर हुंदके देत म्हणाला. "माझी शिडी नेली ती नेलीच, पण मनाचा राजा!"

"नाचायचा काय सुंदर!" चिचा स्फुंदत म्हणाली. तिच्या नवऱ्यानं चमकून तिच्याकडे बघितलं.

नेस्तोरला राहवेना. "याला धुराशिवाय निरोप द्यायचा? जमणार नाही!" असं म्हणून तो मागच्या अंगणात गेला आणि त्यानं निखारे पेटवले. घरोघरचं मांस आणि चोरिसोची सॉसेजेस जाळीवर येऊन पडली.

इतक्यात नेलिदा मिर्ताबाईंना घेऊन दारात हजर! बघते तर घरभर माणसं, मेणबत्त्या, माना खाली, डोळे मिटलेले!

"वा!" मिर्ताबाई कुजबुजल्या. "अख्खी गल्ली ध्यानाला बसवलीत! आणि पलंगावर हे कोण? केवढं शिथिल शरीर! इतकी वर्षं शिकवतेय, पण असा देह सोडलेला माणूस नाही बघितला!"

त्यांनी परवानगीचा कागद काढला, पेन उघडलं. नेलिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमका त्याच क्षणी खिडकीतून चोरिसोचा वास आत शिरला!

चादर नाकापाशी हलली. मग ताडकन उठून बसली.

"कोण रे तो गाढव?" चादरीतून ओस्वाल्दो गरजला. "एवढा जाळ? बरगड्यांचा कोळसा करतोस का?"

एकच किंकाळी! माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. ओस्वाल्दो चादरीसकट अंगणात धावला, त्याला बघून नेस्तोरनं चिमटा टाकून गुडघे टेकले, आणि इकडे मिर्ताबाई भोवळ येऊन त्याच पलंगावर आडव्या झाल्या.

नेलिदा मटकन खाली बसली. संपलं सगळं! मांस भाजलं, धूर झाला, आणि परवानगी देणारी बाईच थंड पडली. ती ओंजळीत तोंड खुपसून खरोखरीच रडायला लागली.

चिचाचं रडं काही एकदा सुरू झालं की थांबणाऱ्यातलं नव्हतं. तिनं मिर्ताबाईंचा हात धरला. "काय गोड बाई हो! कसा हसरा चेहरा! एवढ्या लांबून आली बिचारी!" बाकीच्या बायकांनीही सूर धरला. कुणी कपाळावर हात फिरवला, कुणी पाय चोळले.

मिर्ताबाईंनी एक डोळा उघडला.

"थांबू नका," त्या हळूच म्हणाल्या. "बोला अजून."

त्या बऱ्याच वेळानं उठल्या. धुराबद्दल चकार शब्द नाही! कागदावर सही ठोकली, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "नेलिदाताई, हा उपचार आमच्याकडे शिकवतच नाहीत हो!"

केंद्र उघडलं त्या दिवशी दारात ही रांग! नेलिदा हरखून गेली. मोड आलेल्या कडधान्यांच्या वाट्या घेऊन पुढे झाली. पण वाटीकडे बघतो कोण? प्रत्येकाचं एकच, "ते पलंगाचं कधी आहे? माझा नंबर लावा ना!"

आणि रांगेत सगळ्यांत पुढे, उशी काखोटीला मारून, ओस्वाल्दो!

"तुला कशाला रे आता?" नेलिदा कडाडली. "तुझं झालंय की!"

"अगं, मला झोप लागली होती!" तो काकुळतीला आला. "एवढं चांगलंचुंगलं बोलले म्हणे माझ्याबद्दल, एक अक्षर ऐकलं नाही मी!"