इंदूवहिनींचे चार दिवस

इंदूवहिनी बोलता बोलता उठतात, फ्रीज उघडतात, आत डोकं घालतात आणि राहिलेलं वाक्य दुधाच्या पातेल्याला सांगून पूर्ण करतात. नवा पाहुणा घाबरतो. आम्ही नारपोलीच्या बिल्डिंगमधल्या बायका फक्त जरा मोठ्याने बोला म्हणतो. "भट्टी पेटली गो," अंगातून वाफा निघाल्या की एवढाच त्यांचा खुलासा.

वय बासष्ट. माहेर जवळचंच पूर्णा गाव. तिथल्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत, पण वहिनींच्या तोंडातलं हाय-न्हाय कुणाला हलवता आलेलं नाही. पाळी थांबून दहा वर्षं झाली आणि तेव्हापासून बिल्डिंगमधल्या पन्नाशीपुढच्या सगळ्या हाडांची जबाबदारी त्यांनी घेतली आहे. सकाळी आठला गच्चीवर हजेरी. आम्ही सहा जणी गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेऊन ओळीने उन्हात, वाळत घातलेल्या बोंबलांसारख्या. प्रत्येकीला नाचणीचा लाडू सक्तीचा. शिंकताना कुणी पाय आवळले की वहिनी सगळ्यांदेखत विचारणार, थेंब पडतो का, आणि तिथेच व्यायाम करून घेणार. समोरच्या कापडाच्या लूमवरचे कारागीर खिडकीतून बघायला लागले, तेव्हा वहिनींनी एकदाच सुनावलं, "अपनी अम्मा को भी बिठाओ धूप में." ती खिडकी तेव्हापासून बंद आहे.

मागच्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं आणि चार दिवस माझ्या देवांना दिवा लाव म्हणाल्या. स्वतः देवघरापासून लांब, दाराशी स्टुलावर. घरात असून दिवा का लावायचा नाही, हे बाईने बाईला सांगावं लागत नाही. पण दहा वर्षांनी?

"परत चालू झालं गो," वहिनी हसल्या. "नाचणी अंगाला लागली."

मी सरळ सांगितलं. थांबल्यावर एक डाग दिसला तरी डॉक्टर गाठायचा, कधी कधी ते कॅन्सरचं लक्षण असतं. त्यांचं हसू गेलं. आम्हा प्रत्येकीला हाताला धरून दवाखान्यात नेणारी ही बाई स्वतःसाठी उद्या-परवा करू लागली. मी रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीत गर्भपिशवीत छोटी गाठ दिसली. ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत वहिनी रोज गच्चीवर आल्या, लाडू वाटले आणि एकीलाही काही विचारलं नाही. शिंकायची चोरी नव्हती, तरी कुणाला बरं वाटेना.

रिपोर्ट चांगला आला. परतताना रिक्षात मी म्हटलं, आता तरी पुण्याच्या मुलाला फोन करा.

"त्याला काय सांगू?" त्या बाहेर ट्रकांच्या रांगेकडे बघत होत्या. "आईचं असलं लेकाला सांगतात काय? लेक असती तं पयल्या दिवशीच सांगितलं असतं."

मी म्हटलं, मला पहिल्याच दिवशी सांगितलंत की.

त्यावर त्यांनी पदर दोनदा नीट केला.

सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे. तारीख मी माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. त्यांच्या कॅलेंडरवर नको, दिवाळीला मुलगा येतो, बघेल.