एका रोपाची रीतसर व्याख्या

पहाटेच्या शांततेत रांजणावर पत्र्याचा डबा टण् वाजला. दालिन मिरचीच्या रोपाला पाणी घालत होती. त्याला पहिलं फूल आलं होतं. कुन्थियाने लेकीला चुचकारून ते रोप चार दिवसांसाठी मागून घेतलं. ती नोम पेन्हच्या शब्दसमितीत टंकलेखिका होती आणि समितीला नमुना हवा होता.

समितीपुढचा प्रश्न गंभीर होता. इंग्रजांचा 'प्लांट' हा शब्द रोपालाही चालतो, रोप लावण्यालाही आणि कारखान्यालाही. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत तिघांच्या चुली वेगळ्या: रुक्खजात, डाम आणि रोंगचक. हे दालिनलाही ठाऊक होतं. पण तिला ठाऊक असणं म्हणजे मंजुरी नव्हे.

अध्यक्ष महामहिम सेरेवुथ यांनी रोपाकडे बोट दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि 'रुक्खजात' मंजूर झाला. 'डाम' मात्र अडला. रोप लावून हात झटकायचे, की पुढची निगराणीही त्यात येते?

दुपारी पानं मलूल झाली. कुन्थिया आपली पाण्याची बाटली घेऊन उठली.

"काय करतेयस, पोरी?" शेतीखात्याचे महामहिम बुन्थान म्हणाले.

"घोटभर पाणी घालते, साहेब."

"म्हणजे निगराणी. त्यावरच तर आम्ही सकाळपासून भांडतोय. तू परस्पर निकाल लावतेस?"

"सुकेल हो ते."

"सुकलं तरी रुक्खजातच. ते झालंय मंजूर," अध्यक्षांनी समजूत घातली. "बस. तुझ्या कॉफीतला बर्फ वितळतोय."

कुन्थिया बसली. तिची नोकरी कंत्राटी होती.

मग 'रोंगचक'साठी समिती एक कारखाना पाहून आली. तिथलं जेवण फारच छान होतं. तेवढ्यात जलोत्सवाची सुट्टी लागली आणि नमुन्यासकट खोलीला कुलूप बसलं. दालिन रोज विचारायची, "आज आणणार?" कुन्थिया रोज म्हणायची, "उद्या."

सुट्टीनंतर 'डाम'मध्ये पाणी घालणंही येतं, असं एकमताने ठरलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. कुंडी परत मिळाली, सोबत फोटोची एक प्रतही.

दालिनने कुंडीतली काडी बोटाने हलवून पाहिली. मग फोटो मांडीवर घेतला. मधोमध तिची कुंडी, भोवती महामहिम, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. तिचं बोट सरकत सरकत कडेच्या खुर्चीपाशी थांबलं.

"आई, तुझी बाटली तर भरलेलीच आहे. कुणासाठी ठेवली होतीस?"