फ्रिजातले थेंब

कोरगावच्या शांताराम परबाच्या धाकट्या मुलाचं, गुरुदासाचं, लग्न झालं ते साल दोन हजार नऊ. मे महिना होता. नवरी लाटंबार्श्याची. वऱ्हाड सकाळी निघायचं होतं, आणि आदल्या दिवशी ऐन हळदीच्या गडबडीत नवऱ्याची थोरली बहीण विनोदिनी बेंगळुरूच्या बसमधून उतरली. मांडीवर धरून तिने एक थर्माकोलचा डबा आणला होता.

"भावाक प्रेझेंट हाडलंस मगे?" सुलोचना आतेने विचारलं.

"नाही गे आते, माझं काम आहे. फ्रिज रिकामा करा."

फ्रिजात उद्या माळायचे अबोलीचे वळेसर होते आणि सोलांचं आगळ होतं. विनोदिनीने ते सगळं बाहेर काढलं, डबा मधल्या कप्प्यात ठेवला आणि फ्रिजाच्या दाराला सुंभ बांधलं. "कुणी उघडायचा नाही. हादरला की संपलं."

"वळेसर सुकतले ते?"

"सुकू देत."

विनोदिनी बेंगळुरूला एका प्रयोगशाळेत होती. कॅन्सरच्या गाठीत एक प्रथिन असतं, ते पेशींना थांबूच देत नाही, वाढा म्हणून सांगत राहतं. ते प्रथिन म्हणजे कुलूप धरलं तर औषध ही त्याची किल्ली. पण किल्ली घडवायची तर आधी कुलपाचा आकार कळायला हवा. प्रथिनाचा स्फटिक झाला, तर त्यातून क्ष-किरण सोडून तो आकार काढता येतो. म्हणून प्रथिनाचे मोहरीएवढे थेंब थंडीत ठेवायचे आणि वाट बघायची. प्रयोगशाळेची थंड खोली दुरुस्तीसाठी बंद झाली, आणि थेंब दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायला विनोदिनीचं मन होईना.

शांतारामाला हे पटकन समजलं. "म्हणजे कौल लावल्यासारखां. पाकळी मूर्तीक लावली की हात जोडून गप बसायचां. देवाक काय ढकलूक जायना."

"तसंच, बाबा. फक्त माझा देव तीन वर्षं गप्प आहे."

स्वयंपाकघरात ती आईला, पद्मावतीला, म्हणाली, "हे काम झालं तर मी जर्मनीला जाईन, आई. तिथे नोकरी आहे. नाही झालं तर पुरे. म्हापशाच्या कॉलेजात शिकवीन."

"म्हापशाक? म्हणजे रोज घरसून?"

"रोज घरून."

पद्मावती टोपातली भाजी ढवळत राहिली. सुलोचना आतेने येऊन सांगितलं की खालचा गॅस अजून पेटवलेलाच नाही.

चारच्या सुमाराला करंट गेला. वाडीवरचा ट्रान्सफॉर्मर जळला होता, उद्यापर्यंत काही आशा नाही, असं वायरमन सांगून गेला. बाजाराच्या लायनीवर मात्र करंट होता, आणि तिथे पांडुरंगाचा बार होता. बारात मोठा फ्रिज होता.

"चल," शांताराम म्हणाला. "पण गाडी नाका. हादरतली. चलत जाऊया."

शांतारामाने डबा दोन्ही हातांवर धरला. ऊन लागू नये म्हणून विनोदिनीने वर छत्री धरली. काहीतरी घडतंय असं बघून हळदीला आलेल्या बायका मागोमाग निघाल्या. मांडवात बसलेल्या ताशेवाल्यांनी पुढे यजमान, वर छत्री आणि मागे बायका बघितल्या. देवक निघालं आणि आपण बसूनच राहिलो, असं वाटून त्यांनी घाईघाईने ताशे गळ्यात अडकवले आणि कडाडून वाजवायला सुरुवात केली.

"बंद कर रे! हादरता!" शांताराम ओरडला. ताशात ते कुणाला ऐकू येणार? यजमान खूश झाले असं समजून ताशेवाल्याने जोर वाढवला. रस्त्यावरचे लोक चपला काढून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने डब्याला हात लावून तो कपाळाला लावला. पांडुरंगाने ही मिरवणूक आपल्याच दाराकडे वळताना बघितली आणि घाबरून बार बंद करायला घेतला.

"देवाक बारात हाडतास, शांतारामभाऊ?"

"देव न्हय रे, प्रथिन आसा. फ्रिज उघड!"

डबा बिअरच्या बाटल्यांमध्ये बसला. विनोदिनी पांडुरंगाला "कमी उघड-झाप कर" म्हणून समजावत बाहेर उभी राहिली. तेवढ्यात पद्मावती मीठ-मिरच्या घेऊन मागच्या दाराने आत शिरली. इतक्या लोकांचे डोळे त्या डब्यावर पडले होते. दिष्ट काढायलाच हवी होती.

तिने फ्रिज उघडला. मुठीतलं मीठ ओवाळलं. गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, "बा देवा, माझ्या चेडवाचां काम..." आणि ती तिथेच अडली. काम होऊ दे म्हणावं तर जर्मनी. होऊ देऊ नको म्हणावं तर आपणच आई. मग तिने देवाला नुसतं "तुका ठावक" म्हटलं.

विनोदिनी आत आली तेव्हा आई फ्रिजात डोकं घालून वाकली होती आणि थेंबांवरची चिकटपट्टी परत बसवत होती.

"आई! तू उघडलंस?"

"मगे? दिष्ट काय बंद डब्याची काढतत?"

विनोदिनी बारच्या बाकड्यावर बसली आणि हळदीच्या साडीत रडू लागली. पांडुरंगाने न विचारता तिच्यापुढे लिंबू सोडा ठेवला. पद्मावती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला फार वाईट वाटत होतं, आणि त्या वाइटाच्या अगदी तळाशी म्हापशाची बस येऊन थांबली होती.

लग्न पार पडलं. सुकलेल्या अबोलीवरून सुलोचना आतेने वर्षभर पुरेल एवढं बोलून घेतलं. विनोदिनी डबा घेऊन परत गेली. पद्मावतीने माळ्यावरची तिची जुनी खोली झाडली, गादी उन्हात घातली.

जूनमध्ये फोन वाजला.

"आई, झाला! स्फटिक झाला! एकाच थेंबात. त्यात केस पडलाय, त्याच्या कडेने स्फटिक माळेसारखे लागलेत. कधीकधी होतं तसं, धरायला आधार मिळाला की."

"केस? कोणाचो?"

"पांढरा आहे."

"तुझ्या बापाशीचो आसतलो."

"बाबांना केस कुठे आहेत, आई?"

शांतारामाने शेजारी बसून टकलावरून हात फिरवला. पद्मावतीने आपल्या अंबाड्यावर पदर ओढला.

"म्हणजे तू जातलंस."

"जाईन, आई."

"बरां जालां," पद्मावती म्हणाली. "बरां जालां गो बाय." फोन ठेवून ती माळ्यावर गेली आणि गादी गुंडाळून आली.

विनोदिनी ऑगस्टमध्ये गेली. कुलपाचा आकार तिथे मिळाला, पण किल्ली काही लवकर जमेना. दर गणेशचवथीला पद्मावती फोनवर विचारायची, "औषध जालां?"

"अजून नाही. आता उंदरांवर चाललंय."

"उंदरांक तू रोज दिसतंस. पुढच्या जन्माक मीय उंदीर जातंय."

विनोदिनी हसायची. पुढच्या वर्षी नक्की येते म्हणायची. दोनदा आलीही.

पद्मावती परब दोन हजार सोळाच्या श्रावणात, कोरगावच्या घरी, हृदय बंद पडून वारली. विनोदिनी तेव्हा जर्मनीत होती.